सायलेन्सर : अमेरिकेत करमाफी, आपल्याकडे सात वर्षांची कैद

१ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत बंदुकीच्या सायलेन्सरवरचा दोनशे डॉलरचा केंद्रीय कर शून्यावर आला. ४ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ज्या मोठ्या कर कायद्यावर सही केली, त्यातलेच हे एक कलम. बातमी वॉशिंग्टनची. दाभोळच्या माणसाला तिचे काय?

संबंध मोबाइलमुळे येतो. जुम्म्याची नमाज झाल्यावर जेटीच्या बाजूला चहाला बसले की हल्ली पोरांच्या हातात हेच व्हिडिओ दिसतात. सेमी-ऑटोमॅटिक रायफल, तिच्या नळीला लावलेला काळा डबा, आणि इंग्रजीत चर्चा : कुठला सायलेन्सर जास्त टिकतो, कुठला पैसे वसूल करतो. शेजारी बसलेले चाचा विचारतात, "काय रे, हा आपल्या सिंगल बारला बसेल का? माकडांनी काजूची वाट लावलीय." पोरगा हसून म्हणतो, "चाचा, भाई अमेरिकेहून येतोय, त्यालाच सांगूया."

बोलणारा मस्करीत बोलतो. पण या मस्करीतली वस्तू खरोखर बॅगेत आली, तर त्या घराची निदान सात वर्षे जाऊ शकतात. म्हणून हा विषय नीट समजून घेतला पाहिजे.

अमेरिकेत नक्की काय बदलले?

बंदुकीचा सायलेन्सर हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन माणसाने १९०९ मध्ये पेटंट केला. त्याचे वडील मॅक्सिम मशीनगनचे जनक. मुलाने हीच अक्कल मोटारीच्या धुराड्याचा आवाज कमी करायलाही वापरली. आपण मोटरसायकलच्या ज्या नळकांड्याला सायलेन्सर म्हणतो, ते आणि हे एकाच कल्पनेतून आलेले.

१९३४ मध्ये अमेरिकेने गुंडांच्या टोळ्यांना आवर घालायला कायदा केला आणि मशीनगनबरोबर सायलेन्सरवरही दोनशे डॉलरचा कर बसवला. त्या काळी साधी रायफल याहून कितीतरी स्वस्तात मिळे. म्हणजे कर कसला, ती बंदीच होती. पुढे नव्वद वर्षे आकडा तोच राहिला, महागाई वाढत गेली आणि कर आपोआप हलका झाला. आता तो शून्य झाला आहे.

पण व्हिडिओत एक गोष्ट सहसा सांगत नाहीत. तिथेही फक्त कर गेला, नोंदणी गेलेली नाही. बोटांचे ठसे, फोटो, पार्श्वभूमीची तपासणी आणि सरकारी मंजुरी हे सगळे आजही लागते. पन्नासपैकी आठ राज्यांत तर सामान्य माणसाला सायलेन्सर ठेवताच येत नाही.

टिकाऊ म्हणजे काय, हे तिथले लोक कसे ठरवतात?

तिथला खरेदीदार काय बघतो, हे कळले तर आपल्या चाचांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच मिळते.

गोळी सुटते तेव्हा तिच्यामागून तापलेला, दाबाखालचा वायू नळीच्या तोंडातून एकदम बाहेर पडतो. बंदुकीचा धडाका म्हणजे मुख्यतः हाच वायू. सायलेन्सरमध्ये एकामागे एक पडदे असतात. वायू त्यांच्यात अडकतो, फिरतो, थंड होतो आणि हळूहळू बाहेर येतो. प्रेशर कुकरची शिटी वर करून वाफ सावकाश सोडावी, तसाच प्रकार.

सेमी-ऑटोमॅटिक रायफलीत अडचण वेगळी आहे. ही बंदूक त्याच वायूचा थोडा भाग वापरून रिकामे काडतूस फेकते आणि नवे चढवते. पुढे वायू अडवला की तो मागे फिरतो. यंत्रणा जास्त जोरात चालते, आत काजळी साचते, धूर नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येतो. शिवाय भराभर गोळ्या सुटल्याने सायलेन्सर तव्यासारखा तापतो. म्हणून अशा रायफलीसाठी लोक जाड स्टेनलेस स्टील किंवा इन्कोनेल नावाच्या उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूचे सायलेन्सर घेतात. टायटॅनियमचा वजनाला हलका आणि शिकारीला बरा, पण सतत गोळीबारात लवकर झिजतो. सांधे पूर्ण वेल्डिंगचे आहेत का, किती आखूड नळीपर्यंत तो चालतो, वॉरंटी किती, हेही बघतात. किंमत साधारण पाचशे ते बाराशे डॉलर. आपल्या पैशात पंचेचाळीस हजारांपासून लाखाच्या वर.

एवढे करून आवाज बंद होतो का? नाही. सिनेमात फुस्स असा आवाज येतो, तो सिनेमाच. साध्या रायफलीचा धडाका १६० डेसिबलच्या पुढे असतो. चांगला सायलेन्सर त्यातले पंचवीस-तीस डेसिबल कमी करतो. उरतो तो आवाजही मोठ्या फटाक्यासारखा. आणि गोळी आवाजाच्या वेगापेक्षा जोरात जात असेल, तर हवेत तिचा जो चाबकासारखा कडाका होतो त्याला सायलेन्सर हात लावू शकत नाही.

याच्या बाजूने बोलणारे कानांचे कारण देतात, आणि ते खोटे नाही. १४० डेसिबलच्या वरचा एकच आवाज कान कायमचा खराब करू शकतो. विरोध करणारे ३१ मे २०१९ च्या व्हर्जिनिया बीचच्या घटनेकडे बोट दाखवतात. तिथे सरकारी इमारतीत बारा जण मारले गेले आणि हल्लेखोराच्या पिस्तुलाला सायलेन्सर होता. ४ डिसेंबर २०२४ ला न्यूयॉर्कच्या रस्त्यावर एका विमा कंपनीच्या प्रमुखाचा खून झाला, तिथेही सायलेन्सर होता. हा वाद अमेरिकेचा आहे, तो त्यांनी सोडवावा. आपल्याकडे कायद्याने हा प्रश्न केव्हाच निकालात काढला आहे.

आपला कायदा

आर्म्स ॲक्ट १९५९ सालचा. त्यात 'बंदूक' या शब्दाची व्याख्या आहे आणि त्या व्याख्येतच बंदुकीचा आवाज किंवा ज्वाळ कमी करण्यासाठी बनवलेला अथवा जुळवलेला भाग बसवलेला आहे. म्हणजे सुटा सायलेन्सर, रायफल नसताना, नुसता कपाटात पडलेला असला तरी कायद्याच्या नजरेत ती बंदूकच.

पुढची पायरी आणखी कडक आहे. शस्त्रांच्या नियमांत जी वर्गवारी केली आहे, तिच्या पहिल्या वर्गात प्रतिबंधित शस्त्रे येतात. सेमी-ऑटोमॅटिक रायफल त्यात आहे आणि सायलेन्सरही त्यातच आहे. या वर्गासाठी केंद्र सरकारची खास परवानगी लागते. रत्नागिरीचे जिल्हाधिकारी ती देऊ शकत नाहीत. "माझ्या बंदुकीला लायसन आहे, मग तिच्या सामानाला वेगळे कशाला?" हा युक्तिवाद इथे चालत नाही. लायसन बंदुकीचे आहे, सायलेन्सरचे नाही.

शिक्षा? डिसेंबर २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. प्रतिबंधित शस्त्र बाळगल्यास आता किमान सात वर्षे आणि जास्तीत जास्त चौदा वर्षे कैद. साध्या, म्हणजे प्रतिबंधित नसलेल्या, विनापरवाना बंदुकीला दोन ते पाच वर्षे. फरक लक्षात घ्या. लपवलेल्या गावठी बंदुकीपेक्षा दुकानातून आणलेला चकचकीत सायलेन्सर महाग पडू शकतो.

ऑनलाइन दुकानात वस्तूवर काय लिहिले आहे, याने सुटका होत नाही. 'एअरगनसाठी', 'साफसफाईसाठी', 'शोपीस' अशी नावे असतात. कायदा नाव बघत नाही, वस्तू कशासाठी बनवली किंवा जुळवली ते बघतो.

अमेरिकेहून किंवा आखातातून येताना जुन्या बॅगेच्या कप्प्यात विसरलेले एखादे काडतूस विमानतळावर सापडते आणि गुन्हा दाखल होतो, अशा बातम्या आपण वाचतो. अशा काही खटल्यांत न्यायालयांनी दिलासा दिला आहे, कारण ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो आणि त्या माणसाला ते बॅगेत आहे हेच माहीत नव्हते. पण ज्याने स्वतःच्या नावाने ऑर्डर दिली, पैसे भरले, "येताना घेऊन ये" असा व्हॉट्सॲप मेसेज पाठवला, तो "मला माहीत नव्हते" असे कोणत्या तोंडाने म्हणणार?

किनाऱ्याची आठवण

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण आपापसात आपण ती बोलतोच.

१९९३ मध्ये रायगडच्या दिघी आणि शेखाडी किनाऱ्यांवर आरडीएक्स आणि शस्त्रे उतरली. तेव्हापासून कोकण किनारा पोलिसांच्या नकाशावर लाल रंगात आहे. त्या प्रकरणात किनाऱ्यावरच्या मुस्लिम वस्त्यांना किती चौकशांतून जावे लागले, ते जुन्या माणसांना विचारा. १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरजवळ एक बेवारस बोट लागली, तीत तीन एके-४७ सापडल्या. सगळ्या किनाऱ्यावर नाकाबंदी. पुढे कळले की बोट एका ऑस्ट्रेलियन बाईची, इंजिन बिघडल्यावर सोडून दिलेली, वाहत आलेली. पण ते कळेपर्यंत प्रत्येक गावात एकच विषय होता.

अशा किनाऱ्यावर, दाभोळच्या खाडीकाठी, एखाद्या मुलाच्या नावाने परदेशातून सायलेन्सरचे पार्सल आले, तर त्याचा पहिला अर्थ काय लावला जाईल? तो म्हणेल, "काजूसाठी आणले." टीव्हीवर तोवर दुसरीच पट्टी फिरत असेल. हे न्याय्य आहे का, हा प्रश्न वेगळा, आणि तो विचारलाच पाहिजे. संशयाने कुणाचे आडनाव बघू नये, हे आपण ठामपणे म्हणतो. पण तसे म्हणायची ताकद कायद्याच्या बाजूला उभे राहूनच येते. इथे तर कायदाच विरुद्ध आहे, आडनाव कुठलेही असो.

संजय दत्तचे उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. दहशतवादी कटाच्या आरोपातून विशेष न्यायालयाने त्याला मोकळे केले. पण प्रतिबंधित रायफल घरी ठेवली, म्हणून आर्म्स ॲक्टखाली शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती पाच वर्षे केली आणि २०१६ मध्ये तो तुरुंगाबाहेर आला. हेतू वाईट नव्हता हे मान्य होऊनही वस्तू जवळ असणे पुरेसे ठरले. तेव्हा किमान शिक्षा पाच वर्षे होती, आज सात आहे. आणि त्याच्याकडे होते तसले वकील आपल्याकडे नाहीत.

सेमी-ऑटोमॅटिकची हौस कुणाला परवडली?

हे व्हिडिओ बघताना आपल्या मुलांनी आणखी एक तारीख आठवावी : १५ मार्च २०१९, शुक्रवार. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या अन-नूर आणि लिनवूड मशिदींत नमाजींवर गोळीबार झाला. ५१ जण शहीद झाले, त्यांत भारतीयही होते. हल्लेखोराकडच्या सेमी-ऑटोमॅटिक बंदुका त्याने तिथल्या लायसनवरच घेतल्या होत्या. महिना व्हायच्या आत, १० एप्रिलला, न्यूझीलंडच्या संसदेने ११९ विरुद्ध १ मतांनी अशा बहुतेक बंदुकांवर बंदी घातली आणि पैसे देऊन लोकांकडून त्या परत घेतल्या.

ब्रिटनमध्ये, जिथे आपल्या कोकणातली कितीतरी कुटुंबे स्थायिक आहेत, हंगरफर्डच्या हत्याकांडानंतर १९८८ मध्येच मोठ्या काडतुसाच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफली बंद झाल्या. तिथला शेतकरी हरणे आणि ससे आजही मारतो, सायलेन्सर लावूनही मारतो, पण पोलिसांच्या कागदावर रायफलीची नोंद असते. जी वस्तू मोबाइलवर मर्दानगी म्हणून विकली जाते, तिचे दुसरे टोक कुठे निघते हे सजद्यात असलेल्या माणसांनी पाहिले आहे.

मग माकडांचे काय?

आता चाचांचा प्रश्न. तो खरा आहे, त्याला हसून उडवता येणार नाही.

दापोली-गुहागरच्या पट्ट्यात माकड, वानर आणि रानडुकरांनी शेती नकोशी केली आहे. काजू, आंबा, नारळ, केळी, परसातली भाजी, काहीच सुटत नाही. भात आणि नाचणी डुकरे लोळवून टाकतात. घरातले तरुण मुंबईला किंवा आखातात, मागे राहतात म्हातारी माणसे आणि बायका. जमीन ओस पडायचे हे एक मोठे कारण आहे.

यासाठी कायद्यात वाट ठेवलेली आहे. आर्म्स ॲक्टच्या तेराव्या कलमात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचे लायसन आहे. ठासणीची पुरणार नाही असे अधिकाऱ्याला पटले, तर वीस इंचांहून आखूड नसलेल्या नळीची दुसरी साधी बंदूकही देता येते. कोकणातल्या जुन्या घरांत भिंतीला टांगलेली एकनळी दिसते, ती याच हिशेबातली.

आता विचार करा, त्या बंदुकीचा उपयोग काय? आवाज! माकड हा संरक्षित प्राणी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि त्याखाली परवानगीशिवाय माकड मारणे गुन्हा आहे. रानडुकरालाही वन खात्याची परवानगी लागते. म्हणून शेतकरी हवेत बार काढतो. बार घुमतो, टोळी पळते, शेजारच्या वाडीलाही कळते की कुणीतरी राखणीला आहे. त्या आवाजाचेच काम आहे. त्याला सायलेन्सर लावणे म्हणजे राखणीच्या कुत्र्याच्या तोंडाला जाळी बांधणे. राखणीच्या बंदुकीचा आवाज दाबून फायदा होईल तो चोरून शिकार करणाऱ्याचा. पोलीस आणि वन खातेही नेमका हाच अर्थ काढणार.

कानाची काळजी असेल, तर स्वस्त आणि कायदेशीर उपाय आहेत. फोमचे बोळे पन्नास रुपयांच्या आत मिळतात. कानावर बसवायचे मफ कारखान्यांच्या सेफ्टीच्या दुकानात काही शेकड्यांत मिळतात. दोन्ही नीट वापरले तर वीस-तीस डेसिबलचा फरक पडतो. लाखाचा सायलेन्सर जेवढे करतो, जवळपास तेवढाच.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. माकडे हाकलायला पाइप आणि कार्बाइडची जी बंदूक निघाली आहे, ती २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात मुलांच्या हाती खेळणे म्हणून गेली. शंभराहून जास्त जणांचे डोळे दुखावले, काहींची नजर गेली. कार्बाइड आणि पाण्याचा वायू केव्हा पेटेल याचा नेम नसतो. मूल नळीत डोकावून बघते आणि तेवढ्यात तो पेटतो.

घरोघर करायच्या चार गोष्टी

पहिली, घरात बंदूक असेल तर लायसनची तारीख आज बघा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लायसनची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे, आणि एका माणसाला दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत.

दुसरी, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते ती. लायसन अब्बांच्या नावाने होते, त्यांचा इंतकाल झाला, मुलगा कुवेतला, आणि बंदूक तशीच माळ्यावर. अम्मीला वाटते, नवऱ्याची आठवण आहे, राहू दे. पण लायसन माणसाबरोबर संपते. बंदूक ताबडतोब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करायची, पावती घ्यायची, आणि वारसाला हवी असेल तर त्याने आपल्या नावाने रीतसर अर्ज करायचा. तोपर्यंत माळ्यावरची बंदूक म्हणजे घरात राहणाऱ्या त्या एकट्या बाईवरचा गुन्हा.

तिसरी, बाहेरून येणाऱ्या भावाला, जावयाला, भाच्याला स्पष्ट सांगा : बंदुकीचा कुठलाही भाग, दुर्बीण सोडून द्या, साधे रिकामे काडतूसही भेट म्हणून आणू नको. मुलांच्या ऑनलाइन ऑर्डरींवर नजर ठेवा. त्यांच्यावर ओरडू नका, हा लेख वाचायला द्या.

चौथी, माकड-डुकरांचे नुकसान झाले की फोटो काढा, लगेच वन खात्याकडे अर्ज द्या, पंचनाम्याचा आग्रह धरा. रक्कम तुटपुंजी असते हे खरे. पण अर्जच गेले नाहीत तर सरकारी कागदावर दाभोळात माकडे नाहीतच. जमातीने, मोहल्ल्याने, शेजारच्या हिंदू वाडीने मिळून अर्ज केले, ग्रामसभेत ठराव घेतला, तर दखल घ्यावी लागते. माकड कुणाची बाग आहे ते विचारून येत नाही, मग मागणी तरी वेगवेगळी कशाला?

अमेरिकेत कर माफ झाला, तिथल्या कंपन्यांना गिऱ्हाईक हवे, म्हणून व्हिडिओ येतात. ते तुमच्या मुलाच्या मोबाइलवर येतात, कारण मोबाइलला दाभोळ आणि डॅलस यांतला फरक कळत नाही. तो फरक घरातल्या मोठ्यांनी सांगायचा आहे. जेटीवर पुढच्या शुक्रवारी पुन्हा तो विषय निघाला, तर चाचांना एवढेच सांगा : चाचा, तुमच्या सिंगल बारचा आवाज आहे तेवढाच असू द्या. कानात बोळे घाला, आणि लायसन कधी संपते ते आधी बघा.